चार्ज रेड्याचा, रेड पोलिसांची

नववीतल्या एका मुलानं सहामाहीच्या पेपरात इंग्रजीत लिहिलं होतं, की मांजरानं उंदराला वेढा घातला. दुसऱ्यानं लिहिलं होतं, की शत्रूनं किल्ल्यावर झडप घातली आणि तो तोंडात धरून पळाला. पेपर तपासताना दुसऱ्या कुणालाही हसू आलं असतं. मला रडू आलं, कारण माझी नोकरी त्या उंदरावर आणि त्या किल्ल्यावर टांगलेली होती.

हे दारूबंदीच्या काळातलं, पन्नास ते साठच्या मधलं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत माझे यजमान विषमज्वरानं गेले. सासर पेणच्या पलीकडं एका खेड्यात. सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची पोरं, गोठ्यात गुरं, असं मोठं खटलं. नवरा गेला तसं त्या घरात माझं नातं कुणाशीच उरलं नाही, कामाशी तेवढं उरलं. शेण काढा, धुणी धुवा, जाऊबाईंची बाळंतपणं काढा. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण मी नुसती बसलेली कुणाला बघवत नसे. मी लग्नाआधी इंटरपर्यंत शिकले होते, हे तर मीसुद्धा विसरत चालले होते.

माझा थोरला भाऊ, दादा, पनवेलच्या मामलेदार कचेरीत कारकून होता. तो एका दिवाळीला आला आणि ‘चार दिवस माहेरी नेतो’ म्हणून मला घेऊन गेला. ते चार दिवस काही संपले नाहीत. त्यानं मला बाहेरून बी. ए.च्या परीक्षेला बसवलं, मी पास झाले, आणि गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला मला घेतलं. तात्पुरतं.

तात्पुरतं हा शब्द मी त्या वर्षांत जितका ऐकला तितका जन्मात ऐकला नसेल. कारण दर मे महिन्यात माझे दीर दादाकडं येत, चहा घेत, पाय पसरून बसत आणि म्हणत, “पुरे झालं आता माहेरपण. आईचं वय झालं. घरी माणूस नाही.” माणूस नाही म्हणजे राबायला नाही. दादा फार मऊ स्वभावाचा. बहिणीच्या सासरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तो म्हणायचा, “या वर्षी तिची शाळा आहे, पुढच्या वर्षी बघू.” मागच्या मेमध्ये दीर हसले होते. “तात्पुरत्या नोकरीचं काय सांगता? या वर्षी आहे, पुढच्या वर्षी नाही. पुढच्या मेमध्ये मी घ्यायलाच येईन.” ते गेल्यावर दादा मला म्हणाला, “तू फक्त कायम हो. कायम झालीस, की मी त्यांना स्पष्ट सांगतो.”

आणि हेडमास्तरांनी मला सांगून ठेवलं होतं, की इन्स्पेक्शनला अलिबागहून साहेब येतील, ते नववीचं इंग्रजी बघतील. शेरा बरा आला तर कायम, नाहीतर उन्हाळ्यानंतर शाळा दुसरं माणूस बघेल. हेडमास्तर वाईट नव्हते. पण त्यांना स्वतःच्या शाळेची काळजी होती आणि माझी काळजी मलाच करायची होती.

आता या नववीबद्दल. त्या काळी आमच्याकडं इंग्रजी आठवीपासून सुरू होई, म्हणजे मुलांना येऊन जाऊन दुसरं वर्ष. वर्गात गावातली मुलं होती, वाण्याबामणांची, काही मुसलमान घरांतली. आणि निम्मा वर्ग खाडीकडच्या गावांतला, आगरी मुलामुलींचा, ज्यांच्या घरी भातशेती आणि मिठागरं. ही मुलं सकाळी चिखल तुडवत यायची आणि बाकावर बसली की पाय वाळेपर्यंत त्यांचं लक्ष पायांकडंच असायचं. पुस्तकात एक धडा होता, किल्ल्याच्या लढाईचा. लिहिणाऱ्यानं तो लिहिताना हल्ल्याचे जेवढे शब्द इंग्रजीत आहेत तेवढे सगळे एका धड्यात कोंबले होते. अटॅक, असॉल्ट, चार्ज, रेड, बिसीज, स्टॉर्म, इन्व्हेड, अॅम्बुश. पुढं कवितेत एक मांजर होतं, त्यानं पाउन्स आणला, आणि एक पक्षी होता, त्यानं स्वूप. मराठीत या सगळ्याला आम्ही ‘हल्ला’ म्हणून मोकळे होतो, फार तर धाड, वेढा, झडप. इंग्रजांनी हल्ला करण्यात आयुष्य घालवलं, तेव्हा शब्द जास्त असणारच, असं मी वर्गात म्हणाले होते. मुलं हसली. पण शब्द काही त्यांच्या डोक्यात शिरेनात.

मी शब्दार्थ फळ्यावर लिहून दिले. त्यांनी पाठ केले, आणि पेपरात मांजरानं वेढा घातला.

सहामाहीचे पेपर परत दिले त्या दिवशी मी वर्गावर तापले. मी काही शांत बाई नव्हे. तेव्हाही नव्हते, आता तर नाहीच. म्हटलं, “अरे, मांजर वेढा कसं घालेल? एकटं मांजर! उंदराच्या भोवती गोल बसणार का ते?” शेवटच्या बाकाजवळ एक मुलगी बसायची, मिठागरवाल्यांची, अंगानं काटकुळी, दोन घट्ट वेण्या. वर्गात कधी तोंड उघडत नसे. ती उभी राहिली.

“बाई, मंग वाटून द्या ना.”

“काय वाटून देऊ?”

“शब्द. आमचे मिठागरान सगल्यांचे कोंडे वाटलेले असतान. आपल्या कोंड्यान आपुन जायाचा, दुसऱ्याचे कोंड्यान पाय नाय टाकाचा. मंग भांडान होत नाय.”

कोंडे म्हणजे मीठ पिकवायला बांध घालून केलेले चौकोनी वाफे. ते मला ठाऊक होतं, खाडीच्या रस्त्यानं जाताना दिसायचे. पण शब्दांचे कोंडे पाडायचं मला सुचलं नसतं. मी खडू उचलला आणि म्हटलं, चला, बघू तर खरं.

त्या दिवशीचा तास मला अजून आवडतो. चार्ज कुणाला द्यायचा? तीच मुलगी म्हणाली, रेड्याला. त्यांच्या शेजाऱ्यांचा रेडा एकदा मान खाली घालून तिच्या अंगावर धावला होता आणि ती बांधावरून खाडीत उडी मारून वाचली होती. रेड्याला इंग्रजीत नीट शब्द मलाच आठवेना, म्हणून आम्ही त्याला ‘बुल’ म्हणून टाकलं. बिसीज डासांना गेला. पनवेलात याबद्दल दुमत होणं शक्य नव्हतं. दिवेलागणीला ते घराला चहू बाजूंनी वेढतात आणि रसद तोडतात, हे प्रत्येकाच्या घरी चालू होतं. स्वूप घारीला, कारण सुकत घातलेल्या बोंबलांवर घार उतरते ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पाउन्स मांजराचा, तो त्याचाच. इन्व्हेड कुणाला यावर जरा वाद झाला, पण खाडीकडची सगळी मुलं एकदम बोलली: उधाणाचं पाणी. बांधाला भगदाड पडलं की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग वर्ष दोन वर्षं जात नाही. मला वाटतं, त्या एका शब्दाचा अर्थ त्या मुलांना माझ्याहून चांगला कळला.

स्टॉर्म गेला एस.टी. स्टँडवर. मुंबईची गाडी लागली की लोक दारावर जे तुटून पडत, ते बघून दुसरा मालक शोधायची गरजच नव्हती. अॅम्बुश एका लाकडाच्या वखारीतल्या कुत्र्याला. ते ओंडक्यांमागं दबा धरून बसे आणि फक्त शाळेच्या मुलांच्या पोटऱ्या धरी. रेडचं तर विचारूच नका. ए बी सी डी यायच्या आधीपासून हा शब्द त्या पोरांना येत होता. दारूबंदीचे दिवस, खाडीच्या कडेच्या झुडपांत हातभट्ट्या, आणि आठवड्याला कुठं तरी रेड पडलेली. मी विचारायच्या आत निम्मा वर्ग ओरडला, “पोलीस!” आणि एक मुलगा खाली मान घालून हसला, त्याच्या घरचं सगळ्यांना माहीत असावं. मी पुढचा शब्द घेतला.

असॉल्ट कुणी घेईना. गावातल्या एका मुलानं तो ड्रिल मास्तरांना द्यावा असं सुचवलं, पण ते शेजारच्याच वर्गावर होते, तेव्हा मी तो माझ्याकडं ठेवून घेतला. आणि अटॅक? तो सगळ्यांना चालणारा. त्या मुलीनंच सांगितलं, “तो गुरचरण, बाई. कोनीबी चरावा.”

त्या दिवसापासून वर्गात एक कायदा झाला. दुसऱ्याचा शब्द घ्यायचा नाही. कुणी चुकून डासांना चार्ज दिला, की वर्ग ओरडे, “कोंडा सोड, कोंडा सोड!” मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांवर वाक्यं फेकत. घार दिसली की स्वूप, कुत्रं दिसलं की अॅम्बुश. घरून शाळेत येईपर्यंत कुणी ना कुणी हल्ला बघायचंच आणि तो इंग्रजीत सांगायला धावत यायचं. वाक्यं मोडकी असत, पण मी थांबवत नसे. आधी बोलू देत, मग दुरुस्त करू, असं मी म्हणायची. मला वाटायचं, जमलं बाई एकदाचं.

घरी वहिनीला, दादाच्या बायकोला, मी हे सगळं सांगायची. ती भाकऱ्या थापता थापता ऐके आणि म्हणे, “वन्सं, माझ्या लाटण्याला कुठला शब्द आला?” मी म्हणे, “लाटणं असॉल्टमध्ये, तो माझ्याकडं आहे.” आम्ही दोघी हसायचो. पण मेचं नाव कुणी काढलं, की तिचाही चेहरा बदले आणि माझाही. दीर येतील, ट्रंक उचलतील, मी मागून चालेन, एस.टी.त बसेन. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर इतक्या वेळा आलं होतं, की कधी कधी ते घडूनच गेलंय असं वाटे.

इन्स्पेक्शन फेब्रुवारीत झालं. साहेब आदल्या दिवशी येऊन डाकबंगल्यात उतरले होते. उंच, गोरे, तपकिरी कोट, आणि चेहऱ्यावर एवढा त्रासिकपणा, की त्यांना बघून आमचा शिपाईसुद्धा भिंतीला चिकटला. ते वर्गात आले तेव्हा हेडमास्तर मागं, मी एका कडेला. साहेब खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि नेमका तोच धडा काढला. मला देवाचे आभार मानावेसे वाटले. कसले आभार.

त्यांनी एका मुलाला उभं केलं आणि चार्जचं वाक्य मागितलं. मुलगा खणखणीत म्हणाला, “द बुल चार्ज्ड मी, अँड आय जम्प्ड.” साहेबांची मान थोडी हलली. मग त्यांनी पुस्तकातलंच वाक्य सोपं करून, सावकाश इंग्रजीत विचारलं: सैनिकांनी शत्रूवर चार्ज केला. बरोबर आहे ना?

“नो, सर!”

एक दोन मुलं नाही, सगळा वर्ग. गावातली, खाडीकडची, सगळी. भिंत हादरली.

साहेबांनी पुस्तक खाली केलं. “व्हाय नो?”

ती वेण्यांची मुलगी उठली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द एकामागून एक येत होते. “सर, चार्ज इज ऑफ बुल. सोल्जर कॅनॉट टेक.”

हेडमास्तरांना खोकला आला. तो खोकला मी ओळखला, माझ्या नोकरीचा तो शेवटचा खोकला होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अगं बाई, सैनिकांचाच आहे तो, आधी त्यांचाच! पण काय सांगणार? कायदा माझाच होता. सोय म्हणून वाटून दिलेले शब्द, मुलांनी बापजाद्यांच्या मिठागरासारखे खरे धरले होते. मी हे कधी तरी सांगायला हवं होतं, की बाहेरच्या जगात कोंडे नसतात. सांगू सांगू म्हणत राहून गेलं.

साहेब तिच्याजवळ गेले. “देन व्हॉट कॅन माय पुअर सोल्जर टेक?”

तिनं विचार केला. खरंच केला, घाईघाईनं नाही. मग म्हणाली, “अटॅक, सर. इट इज फॉर ऑल.”

“सो काइंड ऑफ यू,” साहेब म्हणाले. हसले की नाही मला कळलं नाही. मग त्यांनी एकेक शब्द विचारायला सुरुवात केली. रेड कुणाचा? पोलीस, सर. स्वूप? काइट, सर, ऑन फिश. इन्व्हेड? खाडीकडचा एक मुलगा उठून म्हणाला की समुद्र बांध फोडतो, आमच्या शेतात इन्व्हेड करतो आणि भात मरतं. ‘डाय’च्या जागी त्यानं ‘डाइड’ म्हटलं, पण अडखळला नाही. बिसीज विचारल्यावर तर सगळ्यांनाच उत्तर द्यायचं होतं. “मॉस्किटो, सर! इन पनवेल, एव्हरी इव्हनिंग!” साहेबांनी स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. तिथं लाल गांध्या उठल्या होत्या. डाकबंगल्याची मच्छरदाणी फाटकी आहे, हे गावात सर्वांना ठाऊक होतं, फक्त साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं.

“अँड हू मेड धिस लॉ?” त्यांनी शेवटी विचारलं.

सगळ्या वर्गानं माझ्याकडं बोट दाखवलं. मोठ्या अभिमानानं.

तास संपल्यावर त्यांनी मला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. मराठीत बोलले, शांतपणे. “बाई, तुम्ही मुलांना चूक शिकवलंय. बोर्डाच्या पेपरात सैनिक येणार, रेडा येणार नाही.”

मला घाबरायला हवं होतं. पण वर्गात जेवढं घाबरायचं तेवढं घाबरून झालं होतं. आता राग उरला होता. मी म्हटलं, “चूक शिकवलं असेल साहेब. पण सहामाहीपर्यंत मी बरोबर शिकवत होते आणि एकालाही एक शब्द येत नव्हता. आता येतात. सैनिकाला त्यात घालायचं एवढंच राहिलंय, ते मी उद्या घालते.” हेडमास्तरांनी डोळे मिटले. साहेब मला म्हणाले, “जा तुम्ही.” एवढंच.

घरी जाऊन मी वहिनीला सांगितलं, की संपलं. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी कायदा बदलला. चार्ज रेड्याचा आहेच, पण सैनिकही रेड्यासारखा धावतो, तेव्हा त्याला रेड्यानं आपल्या कोंड्यात वाट द्यायची. मुलांनी बरीच कुरकुर केली. त्या मुलीनं विचारलं, “रेड्याला इचारलं का, बाई?” मी म्हटलं, विचारलं, तो मान हलवून हो म्हणाला. तेव्हा कुठं त्यांनी ऐकलं.

मग मी वाट बघितली. परीक्षा झाल्या, पेपर तपासून झाले, ऊन चढलं. हेडमास्तर समोरून गेले की मी त्यांच्या चेहऱ्यात काही दिसतं का बघायची. त्यांचा चेहरा कायम काही तरी हरवल्यासारखा असे, त्यात काय दिसणार? एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी त्यांनी बोलावलं. मी पदर सारखा करून उभी राहिले. ते म्हणाले, “बसा.” बसा म्हटल्यावर मला वाटलं, वाईटच आहे, उभ्यानं ऐकण्यासारखं नसेल.

“साहेबांनी शेरा लिहिलाय,” ते म्हणाले. “पद्धत सदोष आहे, म्हणून लिहिलंय.”

मी मान खाली घातली.

“आणि खाली लिहिलंय, की या तालुक्यात प्रश्न विचारला की वर्ग मुके होतात. इथं सगळ्या वर्गानं मला इंग्रजीत नाही म्हटलं आणि का नाही तेही सांगितलं. बाईंना ठेवावं.” त्यांनी कागद मिटला. “कमिटीनं तुम्हाला कायम केलंय. जूनपासून.”

मी काय बोलले ते मला आठवत नाही. आभार मानले असतील. एवढं आठवतं, की शाळेच्या मागच्या नळावर जाऊन मी तोंड धुतलं, मग परत धुतलं, आणि हात ओले तसेच ठेवून बराच वेळ उभी राहिले. माझ्या छातीवर गेली कितीतरी वर्षं कुणी तरी गुडघा टेकवून बसलं होतं, ते उठून गेलं. इतका मोकळा श्वास मी नवरा जाण्याआधीही कधी घेतला असेन असं वाटत नाही.

दीर आले ते मेच्या दुसऱ्या आठवड्यात. सकाळच्या एस.टी.नं. पत्र आधी आलं होतं, म्हणून दादा त्या दिवशी कचेरीत गेला नव्हता. मी आत होते, वहिनी चुलीपाशी. बाहेर दादानं त्यांना पाणी दिलं, मग आंब्यांची चौकशी केली, मग पेणच्या रस्त्याची, मग त्यांच्या पाठीच्या दुखण्याची. प्रत्येक वाक्यानंतर मला वाटे, आता सांगेल. दादा पुन्हा आंब्यांवर जाई. शेवटी दीरच म्हणाले, “तर मग तयारी झाली का? दुपारच्या गाडीनं निघू.”

दादाचा आवाज ऐकू येईना. मला त्याचा राग आला नाही. त्याला जमणार नव्हतं आणि ते मला आधीच कळायला हवं होतं. मी हात पुसले आणि बाहेर गेले. सासरच्या माणसासमोर मी असं कधी उभी राहिले नव्हते, डोक्यावर पदर होता, पण मान वर होती.

म्हटलं, “भावोजी, मी येणार नाही.”

त्यांनी दादाकडं पाहिलं. दादानं जमिनीकडं पाहिलं.

“शाळेत कायम झालेय मी,” मी म्हटलं. “आता सुट्टीत चार दिवस येत जाईन, सासूबाईंना भेटायला. राहायला नाही.”

“आणि आईला काय सांगू?”

हा एक प्रश्न मला आडवा आला. सासूबाई वाईट नव्हत्या. माझ्या नवऱ्याच्या आठवणीनं रात्री रडायच्या, आणि मग सकाळी मलाच जास्त काम सांगायच्या.

“सांगा, मी बरी आहे,” मी म्हटलं. “तेच सांगा.”

ते जेवून गेले. वहिनीनं त्यांना आंब्याचा रस वाढला, नीट आग्रह केला, काही कमी केलं नाही. दुपारच्या गाडीला दादा त्यांना पोहोचवायला गेला. दार लागल्यावर मी आत आले, तर वहिनी चुलीसमोर पिठाच्या हातांनी बसलेली, आणि रडत होती. मी घाबरले. म्हटलं, “वहिनी, काय झालं?”

“काही नाही हो,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, तुमच्या दादांना बोलता येणार नाही आणि तुम्ही जाल. काल रात्रीपासून माझ्या घशाखाली घास उतरला नाही.”

मला तोवर वाटायचं, की मी तिच्या घरात आलेली एक अडचण आहे आणि ती चांगल्या घरची म्हणून बोलत नाही. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं, की माझ्या जाण्याची भीती दुसऱ्या कुणाला असू शकते.

तिनं ताटं मांडली. सासरी मी सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलेलं, चुलीकडं तोंड करून. इथं आल्यावरही ती सवय गेली नव्हती. दादा, वहिनी, पोरं जेवली की मी बसायची, आणि कुणी कितीही सांगितलं तरी ऐकायची नाही. त्या दिवशी वहिनीनं मला काही सांगितलं नाही. तिनं दोन ताटं शेजारी शेजारी मांडली आणि त्यातल्या एकापाशी बसली. मी दुसऱ्यापाशी बसले. भात थोडाच होता, दादा अजून येऊन जेवायचा होता. मी आधी वाढून घेतला.